दिल्लीची सहल : आधी महिना, मग तिकीट

सातारा-सांगलीकडच्या घरांत दिल्लीची सहल बहुधा शाळेच्या सुट्टीला जोडून ठरते. परीक्षा संपल्या, मुले मोकळी झाली, जूनच्या मध्यापर्यंत शाळा नाही, तेव्हा मे महिन्यात जाऊन येऊ, असा सरळ हिशोब असतो. तारखा ठरल्या की तिकिटे, मग हॉटेल, मग काय काय पाहायचे याची यादी. हवामानाचा विचार सगळ्यांत शेवटी येतो आणि तोही टोप्या घ्या, पाण्याच्या बाटल्या घ्या, एवढ्यावर संपतो. हा क्रम उलटा करायला हवा, असे माझे ठाम मत आहे. दिल्लीत काय पाहावे हे सांगणारे शंभर जण भेटतात. कधी जावे हे मात्र आपले आपल्यालाच ठरवावे लागते, कारण ते निम्मे दिल्लीच्या हवेवर आणि निम्मे आपल्या उसाच्या तोडीवर, द्राक्षाच्या छाटणीवर, गावच्या यात्रेवर आणि शाळेच्या वेळापत्रकावर अवलंबून असते. या सगळ्यांतून वाट काढत गेले तर वर्षात दोनच सापटी उरतात. एक फेब्रुवारीच्या मध्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, दुसरी सप्टेंबरच्या अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. बाकीचे दहा महिने दिल्ली पाहता येत नाही असे नाही, पण तेव्हा पाहण्यापेक्षा सोसणेच जास्त होते.

या दोन जिल्ह्यांचे दिल्लीशी नाते पर्यटनाच्या फार आधीचे आहे. १७७२ मध्ये बादशहा शाह आलम याला दिल्लीच्या गादीवर पुन्हा बसवण्यात ज्यांचा पुढाकार होता ते महादजी शिंदे मूळचे साताऱ्याकडच्या कण्हेरखेडच्या पाटील घराण्यातले. १९६२ च्या चीन युद्धानंतर संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेलेल्या यशवंतराव चव्हाणांचा जन्म देवराष्ट्र्याचा, कर्मभूमी कऱ्हाडची. दिल्लीत मराठी साहित्य संमेलन दोनदा भरले. १९५४ मध्ये अध्यक्ष होते वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगलीच्या डॉ. तारा भवाळकर. आजचे सर्वांत जिवंत नाते मात्र गलाई बांधवांचे आहे. विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्याचा व्यवसाय घेऊन ही माणसे देशभर पसरली. त्यामुळे खानापूर तालुक्यातल्या कितीतरी घरांना दिल्लीत हक्काचा एक पत्ता असतो. शिवाय वास्कोहून हजरत निजामुद्दीनला जाणारी गोवा एक्स्प्रेस मिरज, सांगली, सातारा करत पुण्याकडे जाते, म्हणजे गाडी न बदलता थेट दिल्ली. इतकी सोय असल्यामुळेच ‘कधीही जाता येईल’ असे वाटते, आणि घोटाळा तिथेच होतो.

दिल्ली आपल्यापेक्षा उत्तरेला आहे, मग ती जास्त कशी तापते, हा प्रश्न पडायला हवा. त्याचे अर्धे उत्तर खुद्द दिल्लीतच दगड-चुन्यात बांधून ठेवले आहे. कॅनॉट प्लेसजवळ सवाई जयसिंहाने अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात उभारलेले जंतरमंतर आहे. त्यातले सम्राट यंत्र म्हणजे सुमारे सत्तर फूट उंचीचे सूर्यघड्याळ. त्याच्या मधल्या तिरक्या भिंतीवरून पायऱ्या आकाशाकडे चढत जातात आणि दोन्ही बाजूंना वाटोळे पाख पसरलेले आहेत, ज्यांवर सावली सरकते. ही भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे, म्हणून तिचा चढ दिल्लीच्या अक्षांशाइतका, साडेअठ्ठावीस अंशांच्या थोडा वर आहे. हेच यंत्र सांगलीत बांधले असते तर भिंत सतरा अंशांइतकीच चढली असती. सांगलीत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्याअखेरीस सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि शून्य सावलीचा दिवस येतो. दिल्लीत तो कधीच येत नाही, कारण दिल्ली कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे. तरीही जूनमध्ये तिथला सूर्य माथ्यापासून पाचच अंश ढळलेला असतो आणि दिवस सुमारे चौदा तासांचा असतो. सांगलीचा सर्वांत मोठा दिवस तेरा तासांच्या किंचित वर. म्हणजे दिल्लीच्या जमिनीला रोज जवळपास एक तास जास्त ऊन मिळते.

उरलेले अर्धे उत्तर वाऱ्याचे आणि पावसाचे. सातारा समुद्रापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटरवर, शिवाय समुद्रसपाटीपासून सातशे मीटरच्या वर. संध्याकाळी सह्याद्रीच्या खिंडींतून येणारा पश्चिमेचा वारा मे महिन्यातही अंगाला लागतो. मधूनच वळीव कोसळतो आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मृग दाराशी येतो. दिल्ली समुद्रापासून हजारेक किलोमीटर आत, जेमतेम सव्वादोनशे मीटर उंचीवर, आणि तिच्या पश्चिमेला थरचे वाळवंट. तिकडून येणाऱ्या कोरड्या तप्त वाऱ्याला तिथे ‘लू’ म्हणतात. मोसमी पाऊस दिल्लीत पोहोचायला सर्वसाधारणपणे जूनचा शेवटचा आठवडा उजाडतो. आपल्याकडे एप्रिलमध्ये उन्हाळ्याचा कडेलोट होतो आणि मेअखेरीस हवा उतरणीला लागते. दिल्लीत मेचा उत्तरार्ध आणि जून हाच कडेलोट. आपली मोठी सुट्टी नेमकी त्यावर पडते. २९ मे २०२४ रोजी सफदरजंगच्या वेधशाळेत ४६.८ अंशांची नोंद झाली. हा अपवादाचा दिवस धरला, तरी चाळीसच्या आसपासचे दुपारचे तापमान हा तिथला मे महिन्याचा रोजचा व्यवहार आहे.

यावर आपल्याकडची माणसे हमखास म्हणतात की आम्ही माणदेशातले, उन्हाला काय घाबरायचे? आक्षेप वरवरचा नाही. माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांत चाळीस अंश कुणाला नवे नाहीत, आणि उन्हात कष्ट करण्याची सवय शहरी माणसापेक्षा इथल्या माणसाला नक्कीच जास्त. पण दोन गोष्टी यात सुटतात. पहिली रात्रीची. माणदेशात दिवस कितीही तापला तरी पहाटे अंगणात पांघरूण ओढावे लागते, आणि दिवसभर तापलेले शरीर रात्रीच्या त्या गारव्यात सावरते. दिल्लीत जूनमधले सर्वसाधारण किमान तापमानच सत्तावीस-अठ्ठावीस असते. जून २०२४ मध्ये तर एका रात्री किमान तापमान ३५ अंशांवर राहिले. शरीराला नव्या उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि आपली सहल चार-पाच दिवसांची, म्हणजे सवय होईपर्यंत परतीची गाडी आलेली असते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. शेतकरी उन्हात काम करतो म्हणजे भर दुपारी करतो असे नाही. तो पहाटे औत धरतो, अकराच्या सुमाराला सोडतो, न्याहारी-जेवण करून बांधावरच्या झाडाखाली पडतो आणि ऊन कलले की पुन्हा उठतो. पर्यटक नेमके उलटे करतो. हॉटेलात नाष्टा करून दहाला बाहेर पडतो आणि बारा ते चार या वेळात लाल किल्ल्याची फरसबंदी तुडवतो. माणदेशी माणूस गावी जे कधी करणार नाही ते तो दिल्लीत पैसे खर्चून करतो.

दिल्लीतल्या पाहण्याच्या जागांची घडणच अशी आहे की उघड्यावर चालण्याला पर्याय नाही. लाल किल्ला, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, पुराना किल्ला हे एका इमारतीत शिरून पाहायचे प्रकार नाहीत. फाटकापासून मुख्य वास्तूपर्यंतच मोठी पायपीट असते, आणि सगळीकडे लाल वाळूचा दगड. जामा मशिदीच्या अंगणात जोडे काढून जावे लागते. पंचवीस हजार माणसे मावतील असे ते दगडी अंगण, आणि मे महिन्याच्या दुपारी त्यावर अनवाणी पाऊल टेकवले की माणूस टाचांवर उड्या मारत जवळची सावली गाठतो. मीनार, कमानी, घुमटांचे काळे-पांढरे पट्टे, यांतले काहीही त्याच्या नजरेला पडत नाही. मोगलांना हे ठाऊक होते, म्हणून लाल किल्ल्यातल्या महालांतून त्यांनी पाण्याचा पाट खेळवला आणि बागेत ‘सावन’ व ‘भादों’ नावाचे दोन मंडप बांधले. आज ते पाट कोरडे आहेत. इंग्रजांनी तर राजधानी दिल्लीला आणूनही उन्हाळ्यात सरकारचे सगळे बिऱ्हाड सिमल्याला हलवण्याचा शिरस्ता चालू ठेवला. साताऱ्याच्या वाचकाला यात नवल वाटू नये. मुंबई सरकारसाठी तेच काम आपल्या महाबळेश्वराने केले. उन्हापासून पळून आलेल्यांचा पाहुणचार करणाऱ्या जिल्ह्यातून ऐन उन्हाळ्यात दिल्लीला निघावे, याला काही कारण उरत नाही.

मग दिवाळीच्या सुट्टीत जावे का? हवा थंड, मुले मोकळी, आणि ऊसतोडीचा हंगाम नुकताच सुरू होत असलेला. वरकरणी हा पर्याय उत्तम दिसतो, पण माझ्या मते तो मे महिन्याहूनही वाईट आहे. उन्हात निदान सावलीला बसता येते, वाईट हवेत श्वास घेणे थांबवता येत नाही. ऑक्टोबरच्या अखेरीस पंजाब-हरियाणात भात निघतो आणि गव्हासाठी शेत लवकर मोकळे करायचे म्हणून उरलेले खुंट पेटवले जातात. त्याच सुमारास वारा पडतो. जमिनीलगतची हवा थंड आणि जड होते, तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते, आणि वाहनांचा, कारखान्यांचा, बांधकामांच्या धुळीचा आणि फटाक्यांचा सगळा धूर त्या झाकणाखाली अडकतो. हवेची गुणवत्ता मोजणारा निर्देशांक शंभरच्या आत असला तर हवा ठीक, चारशेच्या वर गेला तर ‘गंभीर’. दिल्लीत नोव्हेंबरमध्ये तो चारशेच्या वर जाणे आता दरवर्षीचे झाले आहे. तेव्हा शाळा बंद ठेवल्या जातात, काही प्रकारच्या डिझेल गाड्यांना बंदी होते, म्हणजे स्वतःची गाडी घेऊन गेलेल्यांची पंचाईत. दमा असलेली आजी किंवा दोन वर्षांचे नातवंड बरोबर असेल तर हा महिना विचारातच घेऊ नये. डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत याच्या जोडीला दाट धुके येते. गाड्या तासन्‌तास उशिरा धावतात, विमाने खोळंबतात. शिवाय जानेवारीच्या अखेरीस प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाच्या तालमींमुळे कर्तव्य पथाचा परिसर वरचेवर बंद असतो. संचलनच पाहायचे असेल तर गोष्ट वेगळी.

पावसाळ्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. जुलै-ऑगस्टमध्ये तापमान थोडे उतरते, पण हवेत ओल इतकी असते की घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात स्वातंत्र्यदिनाच्या तयारीसाठी लाल किल्ला पर्यटकांना बंद असतो. यमुनेचेही भान ठेवावे लागते. जुलै २०२३ मध्ये तिने २०८.६६ मीटर ही आजवरची सर्वांत उंच पातळी गाठली, आणि लाल किल्ल्यामागच्या रस्त्यावर पाणी आले. आयर्विन पुलाखालच्या पाण्याचे फूट रोज सकाळी मोजणाऱ्या सांगलीकरांना हे जास्त समजावून सांगायला नको. आपल्याकडे २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत जे झाले, त्यानंतर जुलै-ऑगस्टमध्ये घर सोडून लांब जाण्याची इथे कुणाची हिंमतही होत नाही.

उत्तरेच्या या हवेचा धडा आपल्या भागाने एकदा फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. मराठी फौजांचे वर्ष ठरलेले असे. पाऊस ओसरला की दसऱ्याला सीमोल्लंघन, आणि मृगाच्या आत छावणीला परत. १७३७ मध्ये बाजीराव दिल्लीच्या वेशीवर पोहोचला तो मार्चच्या अखेरीस, ऊन तापण्याआधी, आणि तालकटोऱ्याच्या आसपास चकमक करून झपाट्याने माघारी वळला. सदाशिवरावभाऊंची फौज मात्र मार्च १७६० मध्ये निघाली. उन्हाळा वाटेत गेला, दिल्ली ऑगस्टमध्ये हाती आली तेव्हा यमुना दुथडी भरून वाहत होती आणि पलीकडच्या अब्दालीवर चाल करून जाता येत नव्हते. पुढे १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर गाठ पडली ती ऐन कडाक्याच्या थंडीत. पराभवाला हवामान हे एकच कारण होते असे कुणी म्हणणार नाही. रसद, मित्र, यात्रेकरूंचा लबेदा, अशी कारणे पुष्कळ आहेत. पण बाजीरावाने पाळलेला हंगाम भाऊंना पाळता आला नाही, हे त्यांतले एक खरेच. वर उल्लेख आलेले साहित्य संमेलन २०२५ मध्ये २१ ते २३ फेब्रुवारीला भरले, त्याच तालकटोऱ्याच्या परिसरातल्या स्टेडियमवर. हंगामाच्या दृष्टीने तो आठवडा अगदी नेमका होता.

आता त्या दोन सापटींकडे येऊ. दिल्लीत फेब्रुवारीत दुपारचे तापमान सरासरीने चोवीस-पंचवीस अंश असते, मार्चमध्ये तीसच्या आसपास. धुके संपलेले, लू अजून महिनाभर दूर. राष्ट्रपती भवनाचे अमृत उद्यान याच काळात सर्वांसाठी खुले होते, तेही विनामूल्य, फक्त आधी ऑनलाइन नोंदणी करावी. दुसरी सापट सप्टेंबरच्या अखेरीस सुरू होते. दिल्लीतून मोसमी पाऊस साधारण २५ सप्टेंबरच्या सुमारास माघार घेतो. आपल्याकडे परतीचा पाऊस तेव्हा विजांसह कोसळत असतो. पावसाने धुऊन निघालेले आकाश दिल्लीला वर्षातून एवढेच पंधरा-वीस दिवस मिळते. दुपारी अजून उकडते, पण सकाळ-संध्याकाळ मोकळी असते, आणि धुराचा महिना उजाडलेला नसतो.

शेतीचे वर्ष या सापटींशी आश्चर्यकारक रीतीने जुळते, फक्त पिकानुसार. ऊस उत्पादकाला कारखान्याची टोळी कधी दारात येईल याचा भरवसा नसतो. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत तो घर सोडू शकत नाही, तोड चुकली की वजन घटते आणि खोडव्याचे गणित बिघडते. त्याला सप्टेंबर-ऑक्टोबरच योग्य, गाळपाची धामधूम सुरू होण्याआधी. तासगाव, पलूस, कवठे महांकाळकडच्या द्राक्ष बागायतदाराचे नेमके उलटे. ऑक्टोबरची फळछाटणी त्याचे अख्खे वर्ष ठरवते. छाटणीनंतर पोंग्यापासून फुलोऱ्यापर्यंत एक पाऊस किंवा एका रात्रीचे दव बाग घालवते. त्याला ऑक्टोबरमध्ये दिल्ली सुचवणे म्हणजे त्याच्या धंद्याची माहिती नसणे. पण माल निघाल्यावर आणि एप्रिलची खरड छाटणी लागण्याआधी वेलीला दोन-तीन आठवडे विश्रांती देतात. ज्यांची बाग मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात रिकामी होते, त्यांना त्या विश्रांतीत दिल्ली गाठता येते. बेदाणा करणाऱ्यांना मात्र हे जमणार नाही, तेव्हा शेड सोडवत नाही. हळदवाल्यांचे काढणी-शिजवणीचे दिवसही जानेवारी ते मार्च, त्यांनी उसकऱ्यांबरोबर ऑक्टोबर धरावा. शेती नसलेल्या नोकरदाराला दोन्ही सापटी मोकळ्या आहेत आणि तरीही तो मे महिन्यातच जातो, याचे मला फार वाईट वाटते.

तो मे महिन्यातच जातो, कारण मुलांची शाळा. हा आक्षेप सर्वांत खरा आहे आणि तो उडवून लावता येणार नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्येच असतात. घरात दहावीचे मूल असेल तर त्या वर्षी फेब्रुवारी सोडून द्यावा, ऑक्टोबरचा विचार करावा, तोही सहामाही परीक्षेच्या तारखा विचारून. पण पहिली ते आठवीच्या मुलांसाठी चार दिवस शाळा बुडणे हे इतके अघटित का मानावे? १९ फेब्रुवारीला शिवजयंतीची सुट्टी असते, महाशिवरात्र कधी फेब्रुवारीत कधी मार्चमध्ये येते, त्याला शनिवार-रविवार जोडला की शाळेचे तीन-चारच दिवस जातात. सातवीतल्या मुलाने लाल किल्ल्याच्या दिवाण-ए-आममध्ये उभे राहून कमानी मोजल्या, सम्राट यंत्राच्या पाखावर सावली सरकताना पाहिली, तर इतिहास आणि भूगोलाचे दोन धडे तिथे झाले. पण त्यासाठी त्याच्या डोक्यात ऊन गेलेले नसावे. मे महिन्यातले मूल दिल्लीतून परत येते ते थंड पेयाची आणि मेट्रोच्या गारव्याची आठवण घेऊन. मुख्याध्यापकांना आधी भेटून चार दिवसांची रजा मागितली तर नाही म्हणणारी शाळा माझ्या मते विरळा.

दुसरा आक्षेप चारधामचा. आपल्याकडून दिल्लीला जाणारे पुष्कळ लोक खरे तर हरिद्वार-केदारनाथ-बद्रीनाथला निघालेले असतात. मंदिरांची कवाडे अक्षय्य तृतीयेच्या सुमारास उघडतात, म्हणून मे-जूनमध्ये जायचे आणि जाताना दिल्ली, आग्रा, मथुरा उरकायचे. त्यांनी हे लक्षात घ्यावे की केदारनाथची कवाडे दिवाळीनंतरच्या भाऊबीजेपर्यंत उघडी असतात. पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस गेले तर डोंगरातल्या वाटा मेपेक्षा कमी गर्दीच्या आणि दिल्लीही बरी. उसाचा शेतकरी असेल तर त्याला तर हेच सोयीचे. आणि मे महिन्याच्याच गाडीने जायचे असेल, कारण गावची अख्खी बस निघाली आहे, तर दिल्लीला फक्त मुक्काम करावा. फार तर शेतकऱ्याचा दिवस पाळावा. मे-जूनमध्ये दिल्लीत साडेपाचच्या सुमारास उजाडते, तेव्हा सहाला लोदी बाग, मग हुमायूनची कबर, दहाच्या आत परत. दुपारी राष्ट्रीय संग्रहालय किंवा तीन मूर्ती परिसरातले प्रधानमंत्री संग्रहालय, दोन्ही छताखाली. संध्याकाळी इंडिया गेट. आग्र्याचा बेत त्या खेपेला सोडून द्यावा. लोकांना हे पटत नाही, ‘एवढ्या लांब आलो आणि ताजमहाल नाही?’ म्हणतात. पण पाच तास बसमध्ये आणि तीन तास संगमरवरावर काढून साठीतल्या आईला सलाइन लावायची वेळ आली, तर तो ताजमहाल फार महाग पडतो.

खर्चाचा मुद्दाही येतो. उन्हाळ्यात हॉटेले स्वस्त, फेब्रुवारीत महाग, हे खरे आहे. पण उन्हाळ्यात वातानुकूलित खोलीशिवाय झोप नाही, चार पावलांसाठी रिक्षा-टॅक्सी लागते, आणि दुपारचे पाच तास वाया जातात. पाहायला मिळणाऱ्या तासांवर खर्च वाटून पाहिला तर फेब्रुवारी महाग ठरत नाही. फेब्रुवारीत पंख्याची खोली चालते, मेट्रोने आणि पायी भागते. पहाडगंजमध्ये नवी दिल्ली स्थानकापासून जवळच बृहन्महाराष्ट्र भवन आहे, मराठी माणसाच्या मुक्कामाची ती जुनी जागा. ज्यांचे गलाई व्यवसायातले भाऊबंद दिल्लीत आहेत त्यांनी एक लक्षात ठेवावे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ही कुटुंबे यात्रा आणि लग्नसराईसाठी गावाकडे निघालेली असतात. ज्यांच्या भरवशावर मे महिन्यात दिल्ली गाठायची, तेच तेव्हा विट्याच्या स्टँडवर उतरत असण्याची शक्यता बरीच.

महिना ठरला की वार ठरवावा, आणि मगच तिकीट. रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडते, म्हणजे फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात निघायचे तर डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तिकीट काढायला बसावे. सांगलीहून गोवा एक्स्प्रेसने रात्री निघाले की मधला पूर्ण दिवस गाडीत जातो आणि त्यापुढच्या सकाळी निजामुद्दीन येते. नोकरदार स्वाभाविकपणे शनिवारी रात्री निघतो आणि सोमवारी सकाळी उतरतो. सोमवारी लाल किल्ला बंद, राष्ट्रीय संग्रहालय बंद, प्रधानमंत्री संग्रहालय बंद, अमृत उद्यान बंद, अक्षरधामही बंद. सोमवारीच उतरणे भाग असेल तर त्या दिवशी कुतुबमिनार, हुमायूनची कबर आणि जंतरमंतर घ्यावे, ती सातही दिवस उघडी असतात. आग्रा करायचे तर शुक्रवार टाळावा, ताजमहाल त्या दिवशी पर्यटकांना बंद. शनिवारपेक्षा रविवारी रात्री निघून मंगळवारी उतरावे, म्हणजे चार सलग दिवस हाती येतात. फेब्रुवारीत पहाटे दहा-अकरा अंश असतात, म्हणून स्वेटर हातातल्या पिशवीत असावा, बॅगेच्या तळाशी नको.

एक ठिकाण मात्र सातारा-सांगलीकडच्या माणसाने यादीत सर्वांत वर ठेवावे, आणि त्यासाठीही हंगाम पाळावा. इंडिया गेटलगत २५ फेब्रुवारी २०१९ रोजी राष्ट्रीय समर स्मारकाचे लोकार्पण झाले. इंडिया गेटच्या दगडांवर पहिल्या महायुद्धातल्या आणि अफगाण लढाईतल्या तेरा हजारांवर सैनिकांची नावे आहेत. या स्मारकातल्या त्याग चक्रावर स्वातंत्र्यानंतर धारातीर्थी पडलेल्या पंचवीस हजारांहून अधिक जवानांची नावे ग्रॅनाइटच्या पाट्यांवर कोरली आहेत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांत घरटी फौजी निघतो, आणि खटाव, माण, कोरेगावकडे वेशीवर हुतात्म्याचा चौथरा नाही असे गाव शोधावे लागते. हे स्मारक पूर्ण उघड्यावर आहे, एकात एक वर्तुळे, आणि डोक्यावर छत नाही. हजारो पाट्यांतून एक नाव शोधायला वेळ लागतो. मे महिन्याच्या दुपारी तो वेळ कुणी देऊ शकत नाही, आणि माणसे मधल्या ज्योतीला हात जोडून तशीच मागे फिरतात. गावातल्या कुणाचे नाव तिथे असेल तर त्याचे पूर्ण नाव, रेजिमेंट आणि हुतात्मा झाल्याचे वर्ष त्याच्या घरी जाऊन लिहून घ्यावे, आणि शक्य असेल तर त्या घरातल्या माणसालाही बरोबर न्यावे.